एसएसडीचे दात पाहून वय कळते, दुखणे नाही

खरिपाची पेरणी आटोपली की गावातल्या संगणकापुढे रांग लागते. कुणाला पीक विम्याचा अर्ज भरायचा असतो, कुणाला शेतकरी ओळख क्रमांकातली चूक दुरुस्त करायची असते, कुणाला बँकेसाठी आठ-अ पाहिजे असतो. नेमक्या अशाच दिवशी सकाळी यंत्र चालू करावे आणि काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशी एक ओळ यावी, हा प्रकार आता खेड्यापाड्यांत नवा राहिलेला नाही. "काल सांजेपर्यंत चांगलं चालत होतं, सकायी पाहातो तं बंद," एवढेच संगणक परिचालक सांगू शकतो. त्यात त्याचा दोष नसतो. आतली एसएसडी न सांगता गेलेली असते.

पूर्वी संगणकात हार्डडिस्क असे. तिच्यात फिरणारी चकती आणि तिच्यावर सरकणारी सुई. ती बिघडायला लागली की कटकट आवाज करी, यंत्र मंदावे, म्हाताऱ्या माणसासारखी महिना-दोन महिने कुरकुरत जाई. मालकाला सावध व्हायला वेळ मिळे. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. चिपांमधल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार साठवून ती माहिती धरून ठेवते. ती वेगवान असते, धक्का सहन करते, वीज कमी खाते. म्हणूनच आज ग्रामपंचायतीचे आपले सरकार सेवा केंद्र असो, तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी यांचा लॅपटॉप असो, कृषी सेवा केंद्राचे बिलाचे यंत्र असो की दूध संकलनाचा संगणक असो, बहुतेक ठिकाणी एसएसडीच आली आहे. वस्तू चांगली आहे, याबद्दल वाद नाही. पण ती मरते कशी, हे समजून न घेता ती वापरली जात आहे.

शेतकऱ्याचे काय जाते?

संगणक पंचायतीचा, मग शेतकऱ्याने काळजी का करावी, असे कुणी विचारील. तर आधी काय जात नाही ते पाहू. सात-बारा आणि फेरफार राज्याच्या सर्व्हरवर आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा मिळू लागला, तो गावातले यंत्र जळाले तरी दुसऱ्या गावातून काढता येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत एकदा वर चढलेली नोंदही सुरक्षित असते. विकास सोसायट्यांचा कारभार एका सामायिक प्रणालीवर आणण्यासाठी केंद्राने २०२२ साली ६३ हजार सोसायट्यांची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या प्रणालीत गेलेले खातेही यंत्रासोबत बुडत नाही.

मग यंत्रातच राहते ते कोणते? अतिवृष्टीनंतर पंचनाम्याच्या कच्च्या याद्या आणि मोबाइलमधून उतरवून घेतलेले बांधावरचे फोटो. अपलोड व्हायचे राहिलेले अर्ज. घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या एक्सेलमधल्या याद्या. बचत गटांचे हिशेब. दूध संकलनाची रोजची लिटर आणि फॅटची नोंद. कृषी सेवा केंद्रातली उधारी. सोसायटीची नव्या प्रणालीआधीची खाती. यातली प्रत्येक नोंद कुणाच्या तरी पैशाशी बांधलेली आहे. ज्याचा पंचनाम्याचा फोटो गेला त्याला पिकाचे नुकसान दुसऱ्यांदा दाखवता येत नाही, कारण तोवर शेत नांगरलेले असते.

आत एक तलाठी बसलेला असतो

एसएसडी ही नुसती चिप नसते. तिच्यात कंट्रोलर नावाचा एक छोटा संगणकच असतो आणि त्याने काम कसे करायचे हे शिकवणारा प्रोग्रॅम असतो. त्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. कंट्रोलरला गावचा तलाठी समजा. कोणती फाइल कोणत्या कप्प्यात ठेवली याचे गटवारीचे रजिस्टर तो सांभाळतो. कप्पे लिहून-पुसून झिजतात, म्हणून तो माल सतत इकडून तिकडे हलवतो आणि दर वेळी रजिस्टरात दुरुस्ती करतो. आता कल्पना करा, जमीन जागेवर आहे, बांध जागेवर आहेत, पण गट नंबरांचे रजिस्टरच जळाले. कोणाचे शेत कुठले, हे मग कोण सांगणार? एसएसडी अचानक जाते तेव्हा पुष्कळदा हेच झालेले असते. माहिती आत असते, तिचा पत्ता हरवलेला असतो.

हे रजिस्टर बिघडण्याचे मोठे कारण म्हणजे अचानक गेलेली वीज. नोंद अर्धवट लिहिली असताना लाइट गेली तर पान अर्धेच राहते. मोठ्या सर्व्हरमध्ये वापरायच्या महाग एसएसडीत त्या क्षणापुरती वीज धरून ठेवणारे कपॅसिटर असतात. आपल्याकडे येणाऱ्या स्वस्त एसएसडीत ते सहसा नसतात. चांगले फर्मवेअर पुन्हा चालू होताना पान जुळवून घेते, कच्चे फर्मवेअर अडकून पडते. इंटेलसारख्या नामांकित कंपनीलाही २०११ साली हा अनुभव आला. तिच्या ३२० मालिकेतल्या काही एसएसडी वीज गेल्यानंतर आपली क्षमता फक्त ८ एमबी दाखवू लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले.

आज स्वस्त मालात दिसणारे असेच एक लक्षण सांगून ठेवतो. अनेक ब्रँडांच्या पोटात फायसन कंपनीचा एस-११ नावाचा एकच कंट्रोलर असतो. तो अडकला की यंत्राच्या बायोसमध्ये एसएसडीचे नेहमीचे नाव जाऊन 'सॅटाफर्म एस११' असे नाव येते. हे नाव दिसले की समजावे, तलाठी रजिस्टर वाचू शकत नाही. अशी एसएसडी पुन्हा चालू करून देतो म्हणणारे प्रोग्रॅम नेटवर फिरतात. त्याने डबा चालू होतो, पण आतला माल साफ होतो. ज्याला माल पाहिजे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

टक्केवारीचा भरवसा किती?

एसएसडी आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते. तिला स्मार्ट नोंद म्हणतात. ती पाहण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा जपानी प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो सर्वसाधारणपणे निळा रंग दाखवतो तेव्हा ठीक, पिवळा सावधगिरीचा, लाल म्हणजे वाईट. विंडोज ११ मध्ये नवीन एनव्हीएमई जातीच्या एसएसडीसाठी सेटिंग्जमधल्या स्टोरेज विभागातही उरलेल्या आयुष्याचा अंदाज दिसतो. बाजारात मिस्त्री हाच आकडा दाखवून म्हणतो, "९६ टक्के हेल्थ आहे भाऊ, चिंता कायची?"

बैल घेताना आपण दात पाहतो. दातांवरून वय कळते, पण त्या बैलाला उद्या पोटफुगी होणार की नाही, ते दात सांगत नाहीत. हेल्थची टक्केवारी म्हणजे हे दात आहेत. कप्पे किती झिजले एवढेच ती सांगते. आणि खरे पाहता गावातल्या वापरात कप्पे झिजून एसएसडी मरणे कठीणच. हिशेब करून पाहा. किंग्स्टनच्या ए-४०० या २४० जीबीच्या एसएसडीला कंपनीने ८० टीबी लिखाणाची मर्यादा दिली आहे. सेवा केंद्रात रोज १० जीबी लिहिले जाते असे धरले, तरी ८० टीबी व्हायला ८ हजार दिवस, म्हणजे जवळपास २२ वर्षे लागतील. इतकी वर्षे ते यंत्र कोण ठेवणार? म्हणजे आपल्याकडची एसएसडी म्हातारपणाने जात नाही. ती जाते ती विजेच्या झटक्याने, फर्मवेअरच्या चुकीने, नाहीतर मुळातच हलक्या मालामुळे. आणि यातले काहीही टक्क्यांत धड दिसत नाही.

फर्मवेअरची चूक किती ठणठणीत जनावर लोळवते, याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. क्रूशल कंपनीच्या एम-४ या एसएसडी ५,१८४ तास चालल्या की गोठू लागत. यंत्र बंद करून चालू केले की तासभर ठीक, मग पुन्हा गोठणे. कारण तास मोजणाऱ्या नोंदीतच चूक होती. जानेवारी २०१२ मध्ये तिचे दुरुस्त फर्मवेअर आले. ५,१८४ तास म्हणजे रोज आठ तास चालणाऱ्या कार्यालयात ६४८ दिवस. वॉरंटीतच ही वेळ यावी आणि मिस्त्रीने विंडोज दोन-तीनदा टाकून पैसे घ्यावेत, असे घडायला पुरेसे.

त्याहून भयंकर प्रकार एचपीई कंपनीच्या सर्व्हरसाठीच्या काही एसएसडींचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच कळवले की ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास पूर्ण होताच त्या बंद पडतील आणि मग एसएसडीही परत येणार नाही, डाटाही येणार नाही. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलांबाबत ४० हजार तासांचा असाच इशारा आला. जुने वीजमीटर ९९९९९ वर गेले की शून्यावर येई, तसा हा मोजणीच्या मर्यादेशी जडलेला दोष. एकाच दिवशी बसवलेल्या चार एसएसडी एकाच तासाला मरतील, म्हणजे एकीची प्रत दुसरीवर ठेवलेली असली तरी उपयोग शून्य. हा माल खेड्यात येत नाही, हे खरे. पण धडा खेड्यालाही लागू आहे. मूळ आणि प्रत, दोन्ही एकाच खेपेत घेतलेल्या एकाच कंपनीच्या एसएसडींवर ठेवू नयेत.

सॅमसंगच्या बाबतीत वेगवेगळे दोष दिसले. ८४० ईव्हीओ या मॉडेलवर बरेच दिवस पडून असलेल्या फाइली वाचताना गोगलगाय होत असे. त्यासाठी २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये फर्मवेअर द्यावे लागले. ९८० प्रोच्या २ टीबीच्या काही एसएसडी जुन्या फर्मवेअरवर नुसत्या वाचण्यापुरत्या उरत. ९९० प्रोची टक्केवारी नवीन असतानाच भराभर घसरू लागली, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये फर्मवेअर आले. त्याने घसरण थांबली, मात्र गेलेले टक्के परत आले नाहीत. शेंगदाण्याला बुरशी लागल्यावर औषध मारल्यासारखे. दुरुस्ती वेळेत झाली तरच तिचा उपयोग.

मग पाहायचे काय?

टक्क्यांपेक्षा चार-पाच ओळी महत्त्वाच्या. पहिली ओळ 'अनसेफ शटडाउन', म्हणजे न विचारता वीज तुटण्याची संख्या. आपल्या भागात हा आकडा सगळ्यात बोलका. आज किती आहे ते वहीत लिहावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. वाढत असेल तर यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, दुसरे काही नाही. डीपी जळणे आणि फॉल्टने लाइट जाणे आपल्या हाती नाही, बॅटरी बदलणे आहे. लॅपटॉपवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावे. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेले आणि थेट चार्जरवर चालणारे लॅपटॉप पुष्कळ कार्यालयांत दिसतात. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो, ती काढली की लाइट जाण्याचा प्रत्येक झटका सरळ एसएसडीवर बसतो.

दुसरी ओळ 'मीडिया अँड डाटा इंटिग्रिटी एरर', आणि जुन्या सॅटा जातीत 'रिअलोकेटेड' कप्प्यांचा आकडा. शून्य असावा. थोडा असून स्थिर असेल तर लक्ष ठेवावे, आठवड्याला वाढत असेल तर एसएसडी बदलायची तयारी करावी. तिसरी 'सीआरसी एरर'. हा वाढत असेल तर एसएसडीला दोष देण्याआधी तिची वायर पाहावी. धूळ, ढिला खटका किंवा उंदराने कुरतडलेली वायर, एवढेच कारण निघते आणि थोडक्या पैशांत काम भागते. हे न पाहता चांगली एसएसडी फेकून दिली जाते. चौथी ओळ तापमानाची. घाटाखालच्या तालुक्यांत, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या पट्ट्यात, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतले यंत्र आधीच तापलेले असते. ७० अंशांच्या आसपास एसएसडी स्वतःच वेग कमी करते. यंत्र मंद का झाले म्हणून विंडोज नवीन टाकण्यापेक्षा पंखा साफ करावा.

वापरताना कळणारी लक्षणेही आहेत. सकाळी पहिल्यांदा यंत्राला एसएसडी सापडत नाही, दुसऱ्यांदा सापडते. फाइल जपून ठेवली असे दिसते, पण पुन्हा चालू केल्यावर जुनीच उघडते. कॉपी करताना मध्येच सगळे काही मिनिटे थिजते. शेवटचे दोन प्रकार गंभीर आहेत. विशेषतः नवीन काही लिहूच देत नाही, फक्त वाचू देते, अशी अवस्था आली तर यंत्र बंद करू नये. काही एसएसडी अशा घडवल्या आहेत की त्या वाचण्यापुरत्या उरल्या आणि एकदा बंद केल्या की पुन्हा उठतच नाहीत. चालू आहे तोवर आधी फाइली बाहेर काढाव्यात, मिस्त्रीला फोन नंतर करावा.

उपचाराचा क्रम

इथेच बहुतेक ठिकाणी गडबड होते. मिस्त्री आला की आधी 'स्कॅन' लावतो, मग फॉरमॅट, मग विंडोज. आजारी एसएसडीवर तासन्‌तास चालणारे स्कॅन म्हणजे दमेकऱ्याला पळवणे. पहिले काम एकच, डाटाची प्रत. नंतर वायर आणि वीज पाहणे. नंतर फर्मवेअर.

एसएसडी बिलकूल दिसतच नसेल तर एक साधा उपाय क्रूशल कंपनीनेच सांगितलेला आहे. डाटाची वायर काढून एसएसडीला नुसती वीज द्यायची, २० मिनिटे तसेच ठेवायचे, मग वीज अर्धा मिनिट तोडायची आणि हेच पुन्हा एकदा करायचे. तेवढ्या वेळात कंट्रोलर आपले रजिस्टर जुळवण्याचा प्रयत्न करतो. जमले तर जमले. जमले आणि एसएसडी उठली, तर तिच्यावर पुन्हा विश्वास टाकू नये, त्याच बैठकीत प्रत काढून घ्यावी.

फर्मवेअर अद्ययावत करणे अवघड नाही, पण बेफिकिरीने करायचे काम नाही. सॅमसंग, क्रूशल, किंग्स्टन, वेस्टर्न डिजिटल या कंपन्या आपापला प्रोग्रॅम फुकट देतात. त्यात आपल्या एसएसडीचे मॉडेल, सध्याचे फर्मवेअर आणि नवीन आहे की नाही ते दिसते. लॅपटॉपसोबत आलेली एसएसडी असेल तर डेल, एचपी, लेनोवो अशा लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरच पाहावे. दुसऱ्या मॉडेलचे फर्मवेअर 'चालून जाईल' म्हणून टाकू नये, ते बहुधा चालत नाही आणि चालले तर एसएसडी चालत नाही. काम सुरू असताना लाइट गेली तर रुग्ण टेबलावरच जायचा. म्हणून भारनियमनाची वेळ टाळावी, यूपीएस आधी तपासावा, लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जरही लावलेला ठेवावा. आणि एक गोष्ट फार जण विसरतात. नवीन विंडोजमध्ये बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असू शकते. फर्मवेअर किंवा बायोस बदलल्यावर यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ती आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. जिने यंत्र पहिल्यांदा चालू केले त्या जुन्या परिचालकाच्या ईमेल खात्यात ती किल्ली अडकली आणि तो नोकरी सोडून गेला, तर चांगल्या एसएसडीवरचा डाटाही उघडत नाही.

फर्मवेअर कधी बदलायचे? कंपनीने दोष जाहीर केला असेल तेव्हा लगेच. नसेल आणि यंत्र सुरळीत असेल तर पीक विम्याच्या मुदतीच्या आठवड्यात हात लावू नये, हे माझे मत. तपासणी मात्र दर तीन महिन्यांनी व्हावी.

एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळेल या आशेवर राहू नये. हार्डडिस्कवर पुसलेले बरेचदा परत येई. एसएसडीत ट्रिम नावाची सोय रिकामा कप्पा लवकरच खरोखर रिकामा करते. मेलेल्या एसएसडीतून माहिती काढणारी केंद्रे मोठ्या शहरांत आहेत, पण त्यांचा खर्च एसएसडीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो आणि हमी कुणीच देत नाही. त्यापेक्षा एक बाहेरची साधी हार्डडिस्क घ्यावी आणि गावच्या बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एकदा, सगळे फोल्डर तिच्यावर उतरवावेत. ती यंत्राला सतत जोडून ठेवू नये. दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत असावी. कपाटात वर्षानुवर्षे ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी वापरू नये. झिजलेली एसएसडी वीज न देता ३० अंशांत ठेवली तर वर्षभर माहिती धरावी, एवढीच जागतिक मानकाची अपेक्षा आहे. आपल्या उन्हाळ्यात ३० अंश कुठले?

घेताना आणि टाकताना

अगदी कमी किमतीत २ टीबी, असे म्हणून ऑनलाइन विकले जाणारे बाहेरचे डबे उघडले की आत मेमरी कार्ड चिकटवलेले निघाल्याची उदाहरणे आहेत. फर्मवेअरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते. पहिली काही जीबी माहिती नीट बसते, पुढची हवेत जाते. एच-२-टेस्ट-डब्ल्यू हा छोटा फुकट प्रोग्रॅम सगळी क्षमता लिहून-वाचून खरे-खोटे दाखवतो. नवीन माल आला की त्याच दिवशी हे करावे, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असते. पक्के बिल घ्यावे, अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा.

वॉरंटीत बहुतेक कंपन्या जुनी एसएसडी ठेवून घेतात आणि दुसरी देतात. दूध संकलनाच्या यंत्राची असेल तर खुशाल द्यावी. सेवा केंद्राच्या एसएसडीवर मात्र गावकऱ्यांच्या आधारच्या आणि बँक पासबुकाच्या प्रती असतात. ती चालू असेल तर कंपनीच्याच प्रोग्रॅममधल्या 'सिक्युअर इरेज'ने साफ करून द्यावी. चालतच नसेल तर वॉरंटीवर पाणी सोडावे, ठराव घेऊन ती चार लोकांसमोर फोडावी आणि जडवस्तू नोंदवहीत मॉडेल, अनुक्रमांक आणि तारखेसह तशी नोंद करावी.